वहीतील तांबडी शाई

छडी गेली, पाटी गेली, दौत आणि टाक तर आमच्या आधीच्या पिढीबरोबरच गेले. पण शिक्षकाच्या खिशातले तांबडे पेन अद्याप जागच्या जागी आहे. शाळा सुटल्यावर घरी निघालेल्या शिक्षकाच्या पिशवीत भाजी असो वा नसो, वह्यांचा गठ्ठा असावयाचाच. रात्री जेवणे आटोपली, की घरातील मंडळी दूरदर्शन संचासमोर बसतात आणि शिक्षक कोपऱ्यात दिव्याखाली वह्या घेऊन बसतो. पाहणाऱ्यास वाटते, यात ते काय कठीण? बरोबर असेल तेथे बरोबरची खूण, चुकले असेल तेथे फुली, शेवटी सही आणि तारीख. आम्हीही नोकरीच्या आरंभी असेच समजत होतो, आणि गणिताच्या वहीपुरते ते आजही खरे आहे. सात आठे छप्पन्न, यात वादाला जागा नाही. भाषेच्या वहीत मात्र तांबडे पेन उचलले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की चूक म्हणावयाचे कशाला?

आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातील, सरकारी, मराठी माध्यमाची. आमच्याकडील मूल दहा वर्षांचे होईपर्यंत तीन भाषा आणि तीन लिप्या हाताळू लागते. मराठी घरची व शाळेची, कन्नड राज्याची, इंग्रजी साऱ्या जगाची. यात कौतुक करण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्यामुंबईचे पाहुणे आले आणि पाचवीतल्या पोराने रस्त्यावरील कन्नड पाटी घडाघडा वाचून दाखवली, म्हणजे त्यांना जे आश्चर्य वाटते ते पाहून आमचीही छाती थोडी फुगते. परंतु याच कौतुकाच्या पोटात तपासणाऱ्याची अडचण दडलेली आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर कानाला स्पष्ट ऐकू येतात व ऐकू येतात तसेच लिहिले जातात. ‘कवि’ हा शब्द कन्नडमध्ये ऱ्हस्व वेलांटीने लिहिला जातो आणि ‘गुरु’ ऱ्हस्व उकाराने. मराठीत तेच दोन शब्द आपण ‘कवी’ आणि ‘गुरू’ असे दीर्घ लिहितो. शिवाय समास झाला की पुन्हा ‘कविराज’ आणि ‘गुरुदक्षिणा’ असे ऱ्हस्व होतात. सकाळच्या कन्नडच्या तासाला ज्या वेलांटीबद्दल शाबासकी मिळाली, त्याच वेलांटीवर दुपारी मराठीच्या तासाला फुली पडते. एका मुलाने आम्हाला विचारले होते, “गुरुजी, कवी तोच हाय की, मग येलांटी का बदलत्याय?” मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ पर्यंत झालेले अठरा, आम्ही एम.ए.च्या अभ्यासात मुखोद्गत केले होते. त्या नियमांवर आमची श्रद्धा आहे. तथापि अकरा वर्षांच्या मुलाच्या त्या प्रश्नाला नियमाचा क्रमांक सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, हे आम्हाला त्या क्षणी पुरते उमगले.

वेलांटीचे एक वेळ सोडून देऊ. खरा पेच पडतो तो याहून खोल जागी.

सहावीच्या वर्गाला ‘सुट्टीतील एक दिवस’ हा विषय निबंधासाठी दिला होता. विषय जुनाच, आणि त्यावरील निबंधही बहुधा जुनेच येतात : मामाचा गाव, आंब्याची झाडे, विहिरीतील पोहणे. त्या गठ्ठ्यात एका मुलीची वही निघाली. तिने लिहिले होते ते थोडक्यात असे : “सुट्टीत मी आईसंगट भांगलायला गेलो. ऊन लई होतं. आई म्हटली सावलीत बस. मी बसलो नाही. मी हात लावला की आईची पात म्होरं सरायची. आमची पात पयली लागली तवा मालकीण बघून गेली, काय बोलली नाही.” एवढेच, अकरा ओळी. वाचून आम्ही चष्मा काढून ठेवला. ज्यांनी शेत पाहिलेले नाही अशा वाचकांसाठी सांगतो, की भांगलण म्हणजे पिकातील तण खुरप्याने काढण्याचे काम आणि पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आलेला सरींचा पट्टा. जिची पात मागे पडते तिला बोलणी खावी लागतात. मालकीण काही बोलली नाही, हा त्या घरातील सुट्टीचा आनंद होता.

आता आमच्या हातात तांबडे पेन. आम्ही मोजल्या तर त्या अकरा ओळींत चौदा चुका होत्या. ‘आईसंगट’, ‘लई’, ‘म्होरं’, ‘पयली’, ‘तवा’ या एका प्रकारच्या. अनुस्वार आणि विरामचिन्हे दुसऱ्या प्रकारच्या. परंतु आमचे पेन अडले ते ‘मी गेलो’ आणि ‘मी बसलो’ या दोन क्रियापदांवर. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या या पट्ट्यात बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. इंदूर वा बडोद्याच्या वाचकांना हे ऐकून गंमत वाटेल. आमच्याकडे कोणाला त्यात वावगे वाटत नाही. त्या मुलीची आई असेच बोलते, आजी असेच बोलत आली. पाठ्यपुस्तकातील मुलगी मात्र ‘मी गेले’ म्हणते. तेव्हा या ‘गेलो’ला काय करावे? खोडले, तर त्या पोरीस आपण काय सांगितले? तुझी आई, आजी, गल्लीतील यच्चयावत बायका चुकीचे बोलतात, हेच की नाही? आणि न खोडले, तर आणखी चार वर्षांनी दहावीच्या परीक्षेत, जेथे प्रथम भाषेला १२५ गुण असतात, तेथे न पाहिलेला कोणी परीक्षक ते खोडणारच. त्याला ना पात माहीत, ना मालकीण.

आमच्या शाळेत पाचवीला शिकविणाऱ्या एक बाई आहेत. वयाने आमच्याहून लहान, कामाला चोख. मधल्या सुट्टीत आम्ही ही वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, लिवलंय ते खरंच चांगलं आहे. पण मी असते तर सगळ्या चौदा चुका दाखवल्या असत्या.” का, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर आम्ही विसरलो नाही. त्या म्हणाल्या, “तिच्या आईची भाषा तिला येतेच की, ती शिकवायला माझी काय गरज? जी येत नाही ती शिकवायला सरकार मला पगार देतं. मी पण ‘मी गेलो’ म्हणणाऱ्याच घरातली. डी.एड.ला गेल्यावर पहिल्या दिवशी वर्ग हसला तेव्हा कळलं. मला चौथीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” 

याला तोड काय? बोलींचा अभिमान बाळगा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्यांची स्वतःची मुले प्रमाण भाषा घरातूनच घेऊन आलेली असतात. गरिबाच्या मुलीला ती शाळेतच मिळावयाची; शाळेने न दिली तर कोठेच नाही. बाईंच्या म्हणण्यात हा जो करकरीत न्याय आहे, तो आम्ही नाकारीत नाही.

परंतु दुसरीही एक बाजू आहे, आणि ती आम्ही तीस वर्षांच्या आसपास वह्या चाळून पाहिली आहे. तांबड्या शाईने भरलेली वही मुलाच्या हाती परत गेली, की पुढच्या निबंधात त्या चुका कमी होतात हे खरे. पण त्या कमी होण्याची रीत निरखून पाहावी. मूल चुका टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधते : कमी लिहिते. ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्द टाळते, ज्या वाक्यात आई, शेत, मालकीण येते ते वाक्य टाळते, आणि मार्गदर्शकातील चार वाक्ये घोकून उतरवते. ‘गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे.’ यात चूक काढून दाखवा! अशा निबंधांना पैकीच्या पैकी गुण देताना आम्हाला नेहमीच अवघड वाटत आले आहे, कारण त्यांत लिहिणारे मूल कोठेही सापडत नाही. पण गुण कापावयास आधार कोणता? ‘येथे तू नाहीस’ असा शेरा गुणपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

त्या वहीचे शेवटी आम्ही जे केले ते सांगतो. ते बरोबरच होते असा आमचा दावा नाही, पण विचार करून केले. तांबडे पेन मिटून ठेवले आणि शिसपेन्सिलीने समासात एक प्रश्न लिहिला : “पात पहिली लागल्यावर आई काय म्हणाली?” चौदांपैकी दोनच गोष्टींखाली रेघ ओढली, वाक्याच्या शेवटी न दिलेले पूर्णविराम आणि ‘पयली’. ‘गेलो’ला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाचेही नाव न घेता फळ्याचे दोन भाग केले, एकावर ‘घरात’ आणि दुसऱ्यावर ‘पुस्तकात’ असे लिहिले, आणि मुलांनाच जोड्या सांगावयास लावले. लई आणि फार, म्होरं आणि पुढे, भांगलण आणि खुरपणी. मुले अगदी रंगात आली. ‘मी गेलो’ समोर ‘मी गेले’ लिहिले तेव्हा मुली एकमेकींकडे पाहून हसू लागल्या, आणि मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “म्हंजे गुरुजी, आमची आजी चुकीचं बोलतीय काय?” आम्ही म्हटले, आजी बरोबर बोलते, पण आजीने जर बेंगळूरला किंवा मुंबईला पत्र लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की आजोबांनीच लिहिले. वर्ग हसला. मग आम्ही हेही सांगितले, की गोष्टीत पात्राच्या तोंडी घरची भाषा जशीच्या तशी लिहिता येते, लेखनाचे नियमही त्याला आडकाठी करीत नाहीत. त्यानंतर बऱ्याच वह्यांत अवतरणचिन्हे दिसू लागली. जिकडे तिकडे कोणी ना कोणी बोलू लागले! विरामचिन्हांचा धडा इतक्या झटपट पूर्वी कधी उतरला नव्हता.

येथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, मग झाले तर, उपाय सापडला. उपाय सापडला खरा. पण तो उपाय करावयास लागतो वेळ, आणि गाडे तेथे येऊन रुतते.

हिशेब साधा आहे. वर्गात चाळीस मुले. एक पान निबंध नुसता तपासावयाचा नव्हे, वाचावयाचा, आणि समासात एक प्रश्न लिहावयाचा, तर एका वहीला तीन मिनिटे हवीतच. चाळीस त्रिक एकशेवीस मिनिटे, म्हणजे चाळीस मिनिटांच्या तीन तासिका, आणि तेही एका वर्गाच्या एका विषयाच्या एका निबंधाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा धरलेला आहे. वाचावयास तो भरपूर वाटतो. कायद्याने मुलांच्या संख्येवर शिक्षक ठरविले, पाचवीपर्यंत साधारणतः तीस मुलांमागे एक. शहरातील मोठ्या शाळेत हे गणित जुळते. लहान गावात मुले थोडी आणि इयत्ता मात्र तेवढ्याच; सात इयत्तांना चार शिक्षक, त्यांतील एक मुख्याध्यापक आणि एक वर्षावर्षाने बदलणारा अतिथी शिक्षक. पहिली ते तिसरी एकत्र बसतात ते ‘नलि-कलि’ पद्धतीने. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली आणि ती चांगली आहे. पण ती चांगली असणे आणि एका शिक्षकाने एकाच वेळी तीन इयत्तांच्या गटांत बसून ती निभावणे, यांत अंतर आहे. हे तेथे शिकविणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट आणली : सतत आणि सर्वंकष मूल्यमापन. मुलाला वर्षाच्या शेवटी एकदा परीक्षेच्या तोंडी देण्यापेक्षा वर्षभर त्याच्याकडे पाहावे, भीती न घालता पाहावे, हा त्यामागील हेतू. आम्ही या हेतूचे पहिल्या दिवसापासून पक्षपाती आहोत, कारण चांगले शिक्षक हे कायद्याआधीपासून करीत आले होते. आमच्याकडे वर्षात चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या होतात. आता चाळीस मुले, सहा विषय, सहा चाचण्या. एका वर्गाच्या वर्षाच्या नोंदी झाल्या १४४०. या प्रथम कागदावर, मग नोंदवहीत, मग संगणकावर भरावयाच्या. आमची तक्रार नोंदीविषयी नाही. दप्तर नीट असावे असे मानणाऱ्या जुन्या वळणाचे आम्ही आहोत. पण मुलाकडे पाहणे हे एक काम आणि पाहिल्याचा पुरावा ठेवणे हे दुसरे. दोहोंस वेळ एकच, तीच रात्र, तोच दिवा. पुरावा नसेल तर तपासणीस आलेले अधिकारी विचारतात. मुलाकडे पाहिले नसेल तर कोणीही विचारीत नाही. सज्जन शिक्षकही अशा वेळी कोणते काम आधी उरकतो, हे सांगावयास ज्योतिषी नको. आमच्या हाताखालील एका तरुण शिक्षकाने मोठ्या प्रामाणिकपणे विचारले, “सर, आज वह्या वाचू की माहिती भरू? दोन्ही सांगू नका.” आम्ही माहिती भरावयास सांगितली, कारण मुदत त्या रात्री बाराची होती. वह्यांना मुदत नसते.

यावर कोणी म्हणेल, की शिक्षकांच्या मागे लावलेली इतर कामे काढून टाका म्हणजे झाले. या बाबतीत आमचे मत आमच्या अनेक व्यवसायबंधूंहून थोडे वेगळे आहे. मध्यान्ह भोजनाचे उदाहरण घ्या. रोज किती मुले जेवली, अंडे किती जणांनी घेतले, अंडे न खाणाऱ्या किती जणांना केळे वा चिक्की दिली, दूध किती, तांदूळ किती उरला, हे सारे लिहावे लागते. अंडी मोजणारा मुख्याध्यापक म्हणून आमची थट्टाही होते. होवो बापडी. शिजविलेले अन्न मुलांना द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, त्यापूर्वीची शाळा आम्हाला आठवते. दुपारनंतरच्या तासाला मुले पोट धरून बसत किंवा मधल्या सुट्टीत घरी जाऊन परतत नसत. भुकेल्या मुलाच्या वहीत समासातील प्रश्नाला उत्तर येत नाही. तेव्हा अंडी आम्ही आनंदाने मोजू. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकात सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण झाले, शिक्षक गणक म्हणून दारोदार हिंडले आणि दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबली. त्यातही एक गोष्ट घडली, की जी घरे आम्ही कधी पाहिली नव्हती ती पाहिली. कोणता विद्यार्थी एका खोलीत सात जणांत अभ्यास करतो हे कळले. दहा वर्षांची जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदत, एवढी कामे तर कायद्यानेच शिक्षकांना मोकळी ठेवली आहेत. पण यांतील कोणत्याही कामासाठी गेलेले दिवस वर्षाला परत जोडले जात नाहीत, धडे तितकेच राहतात आणि आटवावयाचे ते वाचनच आटते. जाते ते नेहमी तेच एक. म्हणून आमचे गाऱ्हाणे अंड्यांशी नाही, हिशेबातील या एका कायमच्या वजाबाकीशी आहे.

गुणांविषयी थोडे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आमच्याकडे प्रगतिपत्रकावर श्रेणी असते. सेंट्रिंगचे काम करणारे एक पालक प्रगतिपत्रक घेऊन आले आणि म्हणाले, “गुरुजी, ‘बी’ म्हंजे काय वो? पास की नापास?” आम्ही समजावले, की नापास हा प्रकार आता या इयत्तांत तसा नाही. ते म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. मला सातवीत गणितात बेचाळीस पडल्ते. बेचाळीस म्हंजे काय ते मला कळत्यं. ‘बी’ म्हंजे काय कळत नाही.” त्यांच्या मुलाचे खरे चित्र असे होते, की तोंडी हिशेबात तो वर्गात पहिल्या दोघांत, बापाबरोबर जाऊन सळ्यांचे वजन आणि सिमेंटच्या पोत्यांचे पैसे तो चटकन सांगे. पण तेच उदाहरण शब्दांत छापून समोर ठेवले तर गाडी दुसऱ्या ओळीत थांबे, कारण वाचन कच्चे. लेखी चाचणीत तो मागे, तोंडी कामात पुढे. दोहोंची बेरीज करून भागले तेव्हा ‘बी’ निघाला. बेरीज चोख होती. पण तो ‘बी’ त्या मुलाला कोठेच लागू पडत नव्हता. आम्ही वडिलांना सांगितले, की तुमच्या पोराला हिशेब येतो, वाचायला येत नाही. रोज रात्री त्याच्याकडून वर्तमानपत्रातील सिमेंटची जाहिरात का होईना, वाचून घ्या. ते म्हणाले, “असं सांगा की मग!” श्रेणीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, पुन्हा पाहिला नाही.

मुलांना मागे ठेवावे की पुढे ढकलावे, यावर तर दर काही वर्षांनी वारे फिरते. २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये असे ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत परीक्षा घेण्याची व मागे ठेवण्याची मोकळीक राज्यांना दिली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात पाचवी, आठवी आणि नववीच्या मंडळ पातळीवरील परीक्षा झाल्या, वाद न्यायालयात गेला, आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल थांबविले. सुट्टीत रस्त्यात भेटणारी मुले विचारीत, “गुरुजी, पेपर कसा गेला कधी कळणार?” मागे ठेवल्याने मूल आपोआप वाचू लागत नाही आणि पुढे ढकलल्यानेही नाही, एवढेच आम्ही अनुभवाने म्हणू शकतो. एकोणिसाव्या शतकात, बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. तपासनीस येऊन मुलांची परीक्षा घेई आणि उतरलेल्या मुलांच्या संख्येवर शाळेला पैसा मिळे. मुले घोकंपट्टीला लागली, ही तक्रारही तेवढीच जुनी आहे. आम्ही ती वाचतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मास्तराच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटतो.

सध्या आमच्या शाळेत आम्ही जी व्यवस्था लावली आहे ती अशी. सगळ्या वह्या सगळ्या वाचावयाच्या, हे ढोंग सोडून दिले. दररोज आठ वह्या पूर्ण वाचावयाच्या, समासात प्रश्न लिहून. पाच दिवसांत चाळीस. उरलेल्यांवर त्या दिवशी नुसती सही, आणि ती नुसती सही आहे हे मुलांनाही माहीत. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवावयाच्या, आणि त्या मुलांनी स्वतः सुधारून आणल्याशिवाय तिसरीकडे वळावयाचे नाही. आकारिक चाचणीत घरच्या भाषेबद्दल गुण कापावयाचे नाहीत. संकलित चाचणीत मात्र ‘पुस्तकात’ या बाजूचे लिहावयाचे, तेथे ‘गेलो’ लिहिणाऱ्या मुलीचा गुण जाणार, आणि हे आधी सांगून ठेवलेले. एका तपासणीत ‘कित्येक वह्यांत चुका तशाच सोडल्या आहेत’ असा शेरा आमच्या नावे पडला. तो शेरा वस्तुस्थितीला धरून आहे. आम्ही त्याखाली सही केली.

बाईंना ही व्यवस्था पटलेली नाही. त्या म्हणतात, “सर, एकाच मुलीचा एकच शब्द जुलैत बरोबर आणि ऑक्टोबरात चूक, हे तिला काय समजणार?” आमचे म्हणणे, तिला समजते, आपल्याला समजावयास वेळ लागतो. बाईंचे म्हणणे, तुमच्या सहावीत जी मुले मोकळी लिहितात ती माझ्या पाचवीत शुद्ध लिहावयास शिकली म्हणून. यातही तथ्य आहे. त्यांच्या वर्गाच्या वह्या आखूड आणि स्वच्छ, आमच्या वर्गाच्या लांब आणि चुकांनी भरलेल्या. भांगलणीच्या त्या मुलीने समासातील प्रश्नाचे उत्तर दीड पान लिहून आणले, त्यात आई सहा ठिकाणी बोलते, अवतरणचिन्हे चार ठिकाणी आहेत आणि ‘पहिली’ दोन्ही वेळा बरोबर आहे. बाईंनी तेही वाचले, तांबड्या पेनाने उरलेली चार अवतरणचिन्हे घातली, आणि वही आमच्याकडे परत करताना म्हणाल्या, “आई चांगली बोलते.”

येत्या जूनमध्ये त्यांच्या हाताखालून निघालेली मुले सहावीत आमच्यापुढे येऊन बसतील. पहिला निबंध सांगितला, की पहिल्या बाकावरील कोणीतरी दरवर्षीप्रमाणे हात वर करील आणि विचारील, “गुरुजी, किती ओळी?”